सात नियम आणि एक गाडीवाट

फसवणुकीतलं आमच्या ब्रॅसवेल गावात कोणाला काही कळत असेल तर ते मला, रॉइस हॅम्ब्रिकला, असं लोक म्हणायचे. म्हणजे मी म्हणायचो आणि लोक मान डोलवायचे. एकतीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची तपासणी केली आहे. कोठार आपोआप जळलं की मालकाने त्याला मदत केली, हे मी राखेकडे बघून सांगत असे. निवृत्तीनंतर ही विद्या गंजू नये म्हणून मी चर्चमध्ये दर बुधवारी, सगळ्यांचं एकत्र जेवण आटोपलं की, ज्येष्ठांचा एक वर्ग घेऊ लागलो. विषय : भामट्यांपासून बचावाचे सात नियम. तळलेली कोंबडी आणि केळ्याचं पुडिंग खाऊन चाळीस म्हातारी माणसं समोर बसलेली असतात. निम्मी डुलक्या काढतात. उरलेली निम्मी वहीत सगळं उतरवून घेतात, आणि मला नडली ती ही लिहून घेणारी मंडळी.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. माझी बायको ग्लेंडा, तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन ऑगस्टच्या वीस तारखेला ठरलं. नंतर दोन महिने वॉकर घेऊन चालायचं, आणि पायाखाली सपाट जमीन हवी, असं डॉक्टर म्हणाले. आमच्या घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीवाट खडीची. ग्लेंडाने आधीच वॉकर आणून सराव करून पाहिला. चौथ्या पावलाला चाकं खडीत रुतली, आणि मी बाजारातून परत येईपर्यंत, म्हणजे पाऊण तास, ती उन्हात तिथेच उभी होती.

"ऑपरेशनच्या आधी इथे सिमेंट घाल, रॉइस," ती म्हणाली. "बाकी मला काही नको."

लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. 'बाकी मला काही नको' हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला त्या दिवशी स्वतःचा फार अभिमान वाटला, कारण सिमेंट घालणं हे पैसे दिले की होणारं काम आहे अशी माझी समजूत होती.

कंत्राटदार म्हणाला, आधी काउंटीचा परवाना आणा. काउंटी म्हणजे आमचा जिल्हा; कोर्टाच्याच इमारतीत असलेल्या तिच्या कचेरीत मी गेलो. खिडकीपलीकडे शँटेल नावाची एक पोरसवदा बाई होती. तिने माझा पत्ता कॉम्प्युटरवर टाकला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिली.

"घर तुमचं आहे," ती म्हणाली.

"आभारी आहे," मी म्हणालो.

"गाडीवाट नाही."

मी हसलो. सरकारी माणसाने विनोद केला तर हसावं, परवाना लवकर मिळतो. ती हसली नाही. तिने पडदा माझ्याकडे वळवला. बारा फूट रुंद, एकशे चाळीस फूट लांब अशी एक चिंचोळी जागा पिवळ्या रंगात दिसत होती. माझे सासरे एल्बर्ट मोझली यांनी ती १९६१ साली शेजाऱ्याकडून एका जुन्या होडीच्या बदल्यात घेतली होती. त्यांचं घर पुढे आमच्याकडे आलं, पण घराच्या कागदात ती कधी मिसळलीच नाही. तिचा वेगळा कर यायचा, वर्षाला अकरा डॉलर. ग्लेंडाची आत्या इमोजीन भावाचे कागद सांभाळायची, ती तो गुपचूप भरायची. चार वर्षांपूर्वी आत्या गेली, आणि जाताना ही अकरा डॉलरची गोष्ट सांगायची राहून गेली.

"कर थकला, म्हणून गेल्या ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर लिलाव झाला," शँटेल म्हणाली. "पण काळजी नको. विकल्यापासून बारा महिने तुम्हाला ती सोडवून घेता येते. लिलावाची रक्कम आणि वर वीस टक्के द्यायचे."

"कुठे भरू?" मी खिशात हात घातला.

"आमच्याकडे नाही. ज्याने घेतली त्याच्या हातात. त्याने सही करून परत लिहून द्यायची."

"म्हणजे आज ती जमीन कोणाची?"

"ज्याने घेतली त्याची."

"मग माझी नाही."

"तुमचीच. सोडवून घेतलीत तर."

"सोडवेपर्यंत मी तिच्यावरून गाडी न्यायची की नाही?"

"न्या की. ताबा अजून त्यांच्याकडे गेलेला नाही."

"जमीन त्यांची आणि ताबा माझा?"

"जमीन त्यांची, ताबा तुमचा, आणि सोडवायचा हक्क तुमचा. ऑगस्ट उलटला की ते नोटीस काढून तो हक्क बंद करू शकतात. तेव्हा त्याआधी उरका." तिने घड्याळाकडे पाहिलं. "मंगळवारी आम्ही चारला बंद करतो."

मी बाहेर येऊन पायऱ्यांवर बसलो. माझी गाडीवाट याच पायऱ्यांवर विकली गेली हे नंतर लक्षात आलं आणि उठलो. मग परत आत गेलो, कारण एक शंका राहिली होती.

"आम्हाला कोणी कळवलं का नाही?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"तीन पत्रं पाठवली. वर्तमानपत्रात चार आठवडे जाहिरात दिली."

वर्तमानपत्रात मी फुटबॉल आणि कोण वारलं एवढंच वाचतो. पण पत्रं म्हटल्यावर मला आठवलं. एल्बर्ट मोझली यांच्या नावाने आलेली तीन पत्रं. एकोणीस वर्षांपूर्वी वारलेल्या माणसाला, तातडीने पैसे भरा नाहीतर मालमत्ता जाईल, अशी धमकी. नियम दुसरा : मेलेल्या माणसाच्या नावाने आलेलं पत्र खोटं. नियम तिसरा : घाई करणारा भामटा. दोन पत्रं मी फाडून टाकली होती. तिसरं मात्र मला इतकं आवडलं होतं की ते मी वर्गासाठी जपून ठेवलं. नावावर काळी पट्टी चिकटवली, भिंतीवर मोठं करून दाखवलं आणि छडीने एकेक ओळ समजावली. "बघा," मी म्हणालो होतो, "खरं सरकार इतकं वाईट लिहील का?" सगळा वर्ग हसला होता. ग्लेंडाही हसली होती.

आता हे कोणाला सांगणार? मला सांगा, हृदयाच्या डॉक्टरने सिगारेट ओढावी, पण निदान रुग्णासमोर तरी ओढू नये. मी ठरवलं की ग्लेंडाला कळायच्या आत जमीन सोडवायची आणि विषय सिमेंटखाली गाडायचा.

विकत घेणारीचं नाव शँटेलने कागदावर लिहून दिलं होतं : व्हर्नेल टगल. माझ्या वर्गात पहिल्या रांगेत, अगदी मधोमध बसणाऱ्या मिस व्हर्नेल; वयस्क बाईला, लग्न झालेलं असलं तरी, आमच्याकडे आदराने 'मिस'च म्हणतात. वय एक्याऐंशी. शाळेच्या खाणावळीत त्यांनी तीन पिढ्यांना जेवू घातलं, मलासुद्धा. सगळ्यात जास्त लिहून घेतात त्याच.

समोर जायची माझी छाती होईना. म्हणून पोस्टात एक पेटी भाड्याने घेतली आणि पत्र लिहिलं. पत्र मी फार सुंदर लिहिलं, हे आजही म्हणेन. 'आदरणीय महोदया, आपण घेतलेल्या अमुक क्रमांकाच्या भूखंडाबाबत एक हितसंबंधी व्यक्ती आपणांस मूळ रक्कम व वर वीस टक्के सहर्ष देऊ इच्छिते. कृपया ऑगस्टपूर्वी कळवावे. आपल्या दीर्घायुष्याची कामना.' खाली सही नाही, फक्त पेटीचा क्रमांक.

पुढच्या बुधवारी पुडिंग संपवून मी उभा राहिलो तर मिस व्हर्नेलनी हात वर केला. हातात माझं पत्र होतं.

"रॉइस बाळा, हे बघ मला काय आलंय. मोठ्याने वाचून दाखव."

मी वाचलं.  माझाच मजकूर मला इतका वाईट कधी वाटला नव्हता.

"सही आहे का खाली?" मिस व्हर्नेलनी विचारलं.

"नाही."

"न मागता पैसे देतोय?"

"हो."

"घाई करतोय?"

"ऑगस्टपर्यंत म्हणतोय."

"आणि गोड बोलतोय. माझ्या आयुष्याची कामना करतोय. आजवर माझ्या सख्ख्या भाच्यांनी केली नाही. आता तू सांग, हे काय आहे?"

चाळीस माणसं माझ्याकडे पाहत होती, निम्मी जागी होती. त्या क्षणी खरं बोलायला हवं होतं हे मला कळतं. पण विद्वान म्हणून मिरवलेल्या माणसाची जीभ अशा वेळी त्याच्या ताब्यात नसते. "ही फसवणूक आहे," मी म्हणालो. "अगदी नमुनेदार."

त्यांनी पत्राचे चार तुकडे केले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आमच्या शेजारी डब स्टॅन्सिल राहतो. तीस वर्षं शाळेत फुटबॉल शिकवला त्याने, त्यामुळे त्याच्याकडे कशावरही सल्ला तयार असतो. कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना म्हणून त्याला सांगितलं.

"अरे, ताबा दाखव ताबा," डब म्हणाला. "चेंडू ज्याच्या हातात, खेळ त्याचा. त्या जागेवर काहीतरी मोठं आणून ठेव. कोर्टात गेलास तर फोटो उपयोगी पडेल."

"ठेवू काय?"

"माझी मासेमारीची बोट आहे ना."

मला तेव्हा कळलं नाही की डबची बायको चार वर्षं ती बोट अंगणातून हलव म्हणून त्याच्या मागे लागली होती. त्याच दुपारी ती ट्रेलरसकट माझ्या गाडीवाटेत आली आणि तिसऱ्या दिवशी ट्रेलरचं चाक पंक्चर होऊन बसलं. आता माझी गाडीही आत अडकली. होडीच्या बदल्यात आलेली जमीन, तिच्यावर शेवटी होडीच येऊन बसली, एवढा विचार करून मी पायी किराणा आणायला जाऊ लागलो.

"ही बोट इथे का?" ग्लेंडाने विचारलं.

"डबकडे जागा नाही."

"आणि सिमेंट?"

"जुलैच्या उन्हात सिमेंट तडकतं म्हणतात."

"कोण म्हणतात?"

"जाणकार."

 दुसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं तर ती वॉकर घेऊन गवतातून, बोटीला वळसा घालून, रस्त्यापर्यंत जायचा सराव करत होती. दर दोन पावलांनी थांबत होती. मला स्वतःची इतकी शरम कधी वाटली नव्हती.

मी बँकेच्या हमीचा चेक काढला, ग्लेंडाने घातलेल्या पीचच्या मुरंब्याची बरणी घेतली आणि मिस व्हर्नेलच्या दारात उभा राहिलो. दार चार बोटं उघडलं. आत साखळी होती.

"आत ये म्हटलं असतं," फटीतून आवाज आला, "पण नियम सहावा. दारात पैशाची गोष्ट घेऊन आलेल्याला आत घेऊ नये. पैशाचीच गोष्ट आहे ना?"

"हो, पण मिस व्हर्नेल, मीच तो नियम..."

"थांब, उन्हातून आलायस."

त्या आत गेल्या. आमच्याकडे दारात आलेल्याला थंड गोड चहा न विचारणं म्हणजे त्याच्या आईचा अपमान. साखळी काढणं नियमात बसत नव्हतं आणि चहा न देणं संस्कारात. ग्लास फटीतून येईना, म्हणून त्यांनी दाराखालच्या मांजराच्या झडपेतून तो बाहेर सरकवला. मी पायरीवर बसून चहा घेतला आणि फटीशी बोलू लागलो.

"ती जमीन माझी आहे. म्हणजे ग्लेंडाची. म्हणजे आता तुमची, पण सोडवली तर आमची."

"नीट बोल, बाळा. भामटा नेहमी गोंधळ घालतो."

"गोंधळ मी नाही घातला, कायदाच तसा आहे."

"तुझी होती तर कर का नाही भरलास? त्यांनी पत्रं पाठवली असतील."

इथे मी पुन्हा घसरलो. "पत्रं आलीच नाहीत," मी म्हणालो.

फटीतला डोळा बारीक झाला.

"म्हणजे काउंटी न कळवता माणसाची जमीन विकते, असं तुझं म्हणणं," त्या हळूच म्हणाल्या. "मी वीस वर्षं महिन्याच्या पहिल्या मंगळवारी केस सेट करून आले की लिलाव बघायला त्या पायऱ्यांपाशी खुर्ची टाकून बसते. पत्र पाठवल्याशिवाय विकलेलं मी पाहिलं नाही. तुझी गोष्ट खोटी आहे, रॉइस. आणि मागच्याच बुधवारी तू स्वतः सांगितलंस की हा व्यवहार फसवणुकीचा आहे."

 मी खरी गोष्ट सांगत होतो आणि तिला टेकू खोट्याचा दिला होता.

"तुला सांगते," आवाज आणखी खाली आला. "दोन वर्षांपूर्वी फोनवर एक जण गोड बोलला आणि माझ्या गेलेल्या नवऱ्याच्या, हॉरिसच्या, विम्याचे सगळे पैसे घेऊन गेला. मी कोणाला बोलले नाही. भाचे आधीच म्हणतात म्हातारीला काही समजत नाही. मग तुझा वर्ग सुरू झाला. तुझे नियम फ्रिजवर लावलेत मी. त्यानंतर माझ्या डोक्याने घेतलेली ती एकच गोष्ट, तो जमिनीचा तुकडा. पाहिलेला पण नाही. तो कोणी गोड बोलून नेला तर मी पुन्हा स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवणार नाही. तेव्हा सातवा नियम. एकटीने ठरवायचं नाही. जे असेल ते बुधवारी सगळ्यांसमोर आण."

मुरंब्याची बरणीही त्यांनी घेतली नाही. न मागता आलेली भेट होती ती.

तो जुलैचा शेवटचा बुधवार होता. पुढचा मंगळवार ऑगस्टचा पहिला. त्या संध्याकाळी मी कोंबडीला हात लावला नाही. ग्लेंडा तिसऱ्या रांगेत, वॉकर शेजारी ठेवून बसली होती. मी उभा राहिलो, फायलीतून ते जुनं पत्र काढलं, भिंतीवर मोठं केलं आणि काळी पट्टी नखाने सोलायला लागलो. पट्टी चांगली चिकटली होती. चाळीस माणसांसमोर पट्टी सोलणं हे फार लांबलचक काम आहे.

"हे पत्र खरं होतं," मी म्हणालो. "माझ्या घरी आलं होतं. अशी तीन आली. दोन मी फाडली आणि तिसऱ्यावर तुम्हाला हसवलं. मिस व्हर्नेल, तुमचा तो तुकडा म्हणजे आमची गाडीवाट आहे. ते बिनसहीचं पत्र मी लिहिलं होतं. पत्रं आली नाहीत हेही मी खोटं बोललो. मला लाज वाटत होती."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"ते माझ्या बाबांचं नाव आहे," तिसऱ्या रांगेतून ग्लेंडा म्हणाली. "बाबांच्या नावाचं पत्र आलं आणि तू मला दाखवलं नाहीस?"

"मला वाटलं मला कळतं."

"मी पण हसले होते त्याला, रॉइस."

 माफ कर म्हणालो, पण ते माझ्या कानांपर्यंतही नीट पोचलं नाही.

मिस व्हर्नेल उठल्या. काठी टेकत भिंतीपर्यंत आल्या आणि पत्र वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मला परक्या माणसाने फसवलं," त्या म्हणाल्या. "तुला तुझ्या हुशारीने. तुझं जास्त वाईट." मग वर्गाकडे वळल्या. "पण आता हा गोड बोलत नाहीये. सातवा नियम. ज्यांना हा खरं बोलतोय असं वाटतं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. डबने दोन्ही केले. झोपलेल्यांना शेजाऱ्यांनी उठवून करायला लावले. ग्लेंडाचा हात मांडीवर होता. मी तिच्याकडे पाहायचं टाळत होतो, तरी पाहिलं. सगळ्यात शेवटी, फार उंच नाही, पण तिने हात वर केला.

मिस व्हर्नेलनी तिथेच माझ्या फायलीवर जमीन परत लिहून द्यायचा कागद टेकवून सही केली. सही त्यांनी सावकाश केली, पूर्ण नावाने. वीस टक्के जास्त मिळाले म्हटल्यावर त्यांनी चेक सगळ्यांना फिरवून दाखवला. "एका वर्षात," त्या म्हणाल्या, "आणि कोणाला न विचारता." टाळ्या पडल्या, आणि या वेळी त्या योग्य माणसाला पडल्या. पुढच्या बुधवारपासून वर्गही त्याच घेतात. मी पुडिंगच्या बशा गोळा करतो.

दोन दिवसांत बोट हलली आणि सिमेंट पडलं. डबचं म्हणणं, जमीन वाचली ती ताब्यामुळे. ऑपरेशन झालं. ऑक्टोबरात ग्लेंडा घरातल्या घरात वॉकर सोडून फिरू लागली, पण बाहेर मात्र घेऊन जायची.

अशातच एका दुपारी काउंटीचं पत्र आलं. पाकिटावर नाव : एल्बर्ट मोझली. मी ते उघडलं नाही, सरळ ग्लेंडाच्या हातात दिलं. तिने वाचलं आणि माझ्यापुढे धरलं. आपल्या जमिनीच्या लिलावात कर वजा जाता रक्कम उरली आहे, ती आपली आहे, तीस दिवसांत अर्ज करून घेऊन जावी.

"हे खरं असेल का रे?" तिने विचारलं.

सातही नियम माझ्या घशाशी आले. मेलेल्या माणसाचं नाव, न मागता पैसे, वर तीस दिवसांची घाई. विकत गेलेल्या जमिनीचे पैसे, जमीन परत आल्यावर, जमिनीच्या दिवंगत मालकाला. मी पत्र उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

"मला नाही कळत," मी म्हणालो.

ग्लेंडा माझ्याकडे पाहत राहिली. "पुन्हा म्हण."

"मला नाही कळत, ग्लेंडा."

तिने पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, गाडीची किल्ली घेतली आणि म्हणाली, "चल, आज बुधवार आहे. मिस व्हर्नेलना विचारू." वॉकर भिंतीला टेकलेला तसाच राहिला. ती दार उघडून सिमेंटवरून चालत निघालीसुद्धा. मी वॉकर उचलला आणि तिच्या मागोमाग गेलो.